सुरूचे खांब

राजगडावर पद्मावती माचीला महाराजांच्या वाड्याची जोती आहेत. आमचं गाव गडाच्या पायथ्याचं, वेल्हे तालुक्यातलं (आता राजगड तालुका म्हणायचं!). त्यामुळे राजवाडा म्हणजे दगडी जोती आणि वर गुडघाभर गवत, अशीच माझी समजूत. ती मोडली आजोळी, भोरला. रामनवमीला आजी मला भोरचे संस्थानिक पंतसचिव यांच्या राजवाड्यात घेऊन गेली आणि मी रामजन्म सोडून छतच बघत राहिलो.

रुंद तुळया, नक्षीच्या कमानी, आणि रांगेनं उभे सुरूच्या घाटाचे लाकडी खांब. हात लावला, तर गार नि गुळगुळीत. मान वर करून चालताना कुणाच्या तरी पाठीवर आदळलो. आजीनं दंडाला धरून पुढे ओढलं. पाळणा हलला, गुलाल उडाला, हातावर सुंठवडा आला. एवढ्या श्रीमंतीत आपल्याला कुणी हटकत नाही, याचंच मला नक्षीपेक्षा जास्त नवल वाटलं.

पुढे वाचताना कळलं, वाडा 1869 सालचा. घराणं त्याहून कितीतरी जुनं. या घराण्यातले शंकराजी नारायण 1697 मध्ये मराठा राज्याचे सचिव झाले आणि पुढे राजगडही याच घराण्याकडे राहिला. म्हणजे माझी जोती नि माझे खांब एकाच दौलतीतले! 1707 मध्ये शाहूराजे मुघलांच्या कैदेतून परतले, तेव्हा ताराबाईंशी असलेली निष्ठा की शाहूंचा गादीवरचा हक्क, या पेचात शंकराजींनी आंबवड्याला देह ठेवला. हे कळल्यापासून वाड्यात गेलो की नक्षीआधी तो पेच आठवतो.

1948 मध्ये संस्थान विलीन झालं. नंतर वाड्यात सिनेमावाले येऊ लागले. आता पाहुणे विचारतात, 'तो शूटिंगचा वाडा कुठं?' मी मुकाट दाखवतो, पण कुरकुरत. पडद्यावर हा वाडा सतत दुसऱ्याच कुणाचा तरी असतो. शिवाय कॅमेऱ्याला नक्षी दिसते, पायऱ्यांची झिजलेली कड दिसत नाही. आणि माझ्या मते खरा ऐवज ती कडच आहे.

म्हणून सांगतो, वाडा पाहायचा तर रामनवमीला या. गर्दी असते, फोटो धड निघत नाहीत, पण वाडा माणसांनी भरलेला दिसतो. पुण्याहून भोर जेमतेम 50 किलोमीटर आहे.