बाबा लाइनवर आहेत

वाघबारस तिच्या दिवशी यायची, पण आमचे नवे कपडे यायचे ते बाबांची गाडी खाली झाल्यावर. इचलकरंजीला सूत उतरलं, पोचेवर सही-शिक्का पडला, ती पोच सिल्वासाच्या ऑफिसात जमा झाली, फेरीचा हिशेब झाला, की मग बाबा पिशव्या घेऊन खानवेलहून शेवटच्या जीपनं दुधनीला पोचायचे. तोवर सण कधीच होऊन गेलेला असायचा. आम्हा भावंडांना त्याचं काही विशेष वाटत नसे, कारण आसपासच्या पाड्यांवरच्या आणखी काही घरांत हेच चालायचं. कुणी विचारलं, "बाबा कुठं?" तर उत्तर ठरलेलं: "लाइनवर." लाइन म्हणजे नेमकी कोणती, आज तळासरीत की भिवंडीत, हे आईलाही ठाऊक नसे.

त्या घरांतली आम्ही पोरं आता चाळिशीच्या मागेपुढे आहोत. कुणी खडोलीच्या कारखान्यात शिफ्टला जातो, कुणी शाळेत शिकवते, एकीनं वकिली केली. लग्नाकार्यात एकत्र आलो की बोलणं वडिलांच्या गाड्यांवर जातं. एक जण सुरुवात करतो, दुसरी त्यात भर घालते, आणि कुठली आठवण कुणाच्या घरातली हे शेवटी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून इथे 'बाबा' म्हटलं तरी ते एकाच घरातले नाहीत.

आमचे आजोबा ड्रायव्हर नव्हते. नागली, वरई आणि सखल जमिनीत भात, एवढ्यावर त्यांचं घर चालायचं. दमणगंगेवर मधुबनला धरण झालं आणि दुधनीच्या खोऱ्यातली ती सखल शेतं पाण्याखाली गेली. आज जिथं सुट्टीच्या दिवशी लोक बोटीतून फिरतात, तिथं पाण्याखाली कुणाचा बांध होता, कुणाचं खळं होतं, हे आजी बोटानं दाखवायची. त्याच काळात तिकडे सिल्वासाच्या बाजूला पिपरिया, आमली, मसाट आणि पुढे रखोली, सायली, खडोली इथं कारखाने उभे राहत होते. मागास भाग म्हणून सरकारनं विक्रीकरात आणि आयकरात सवलत दिली होती. पॉलिस्टर सुताचे कारखाने एकामागून एक आले. त्या सुताला भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे माग हवे होते, आणि दादरा-नगर हवेलीत रेल्वेचं एकही स्टेशन नव्हतं. वापी किंवा भिलाड गाठायचं तरी रस्त्यानंच. म्हणजे जो कार्टन कारखान्याबाहेर पडेल तो ट्रकमध्येच चढणार. शेत गेलेल्या तरुणांना डोंगराखाली हे काम दिसलं. ते आधी क्लिनर झाले. ताडपत्री ओढणं, रस्सा आवळणं, टॉमीनं टायर ठोकून नुसत्या आवाजावरून हवा ओळखणं, उस्तादासाठी भाकरी थापणं, यात वर्षं गेली. मग हेवी लायसन्स हातात आलं.

तेव्हाच्या गाड्यांबद्दल आमची पोरं विचारतात तेव्हा त्यांना खरं वाटत नाही. कंपनीतून पुष्कळदा इंजिन आणि चेसिसच यायची. केबिन बाहेर सुतार-लोहारांकडून बांधून घ्यायची, तीही लाकडाची. इंजिनाचा उंचवटा केबिनच्या मधोमध. त्यावर गोधडी टाकून क्लिनर झोपायचा. थंडीत तो भाग्यवान, पण मे महिन्यात त्याच जागी पाठ भाजून निघायची. बाबांच्या डाव्या पायाच्या घोट्याजवळची कातडी कायम काळवंडलेली होती. आई तिला खोबरेल लावायची आणि ते तेवढ्यातच झोपी जायचे.

मे महिन्याच्या सुट्टीत मात्र आमचा नंबर लागायचा. एका फेरीला एकच पोर. नरोलीवरून भिलाडला हायवेवर चढलं की तळासरी, मग चारोटी. डाव्या हाताला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा डोंगर दिसायचा. बाबा स्टेअरिंगवरचा एक हात उचलून कपाळाला लावायचे आणि हॉर्न द्यायचे. पुढं मनोर. तिथून मुंबईकडे सरळ, नाहीतर वाड्यावरून भिवंडी. धाब्यावर खाटेवर फळी आडवी टाकून जेवणं, पहाटे गाडीच्या टाकीजवळ उभं राहून दात घासणं, उंच केबिनमधून एसटीच्या टपाकडे बघणं! त्या वयात आमच्या बाबांएवढा मोठा माणूस दुसरा नव्हता. घाटात गाडी गिअरवर उतरवताना ते बोलायचे नाहीत, आम्हीही बोलायचो नाही. ब्रेक तापू न देता भरलेली गाडी खाली आणणं ही विद्या आहे, आणि ती त्यांना येत होती, हे आज ठामपणे सांगावंसं वाटतं, कारण त्या विद्येचे पैसे कुणी कधी वेगळे मोजले नाहीत.

पैसे कशाचे मिळायचे, हे आम्हाला फार उशिरा उमगलं. पगार म्हणून जी रक्कम होती ती लहान. खरा आधार फेरीच्या भत्त्याचा. निघताना उचल हातात पडायची. त्यातच डिझेल, खुराकी, वाराई म्हणजे हमाली, पंक्चर, नाक्यावरची एंट्री. परतल्यावर हिशेब व्हायचा आणि उरेल ते आपलं. यातली मेख साधी होती. जे उरवायचं ते पोटातून आणि झोपेतून. एक जेवण टाळलं तर तेवढे वाचले. रात्री थांबायच्या ऐवजी चालवत राहिलं तर फेरी लवकर सुटली आणि महिन्यात एखादी वाढली. डिझेलचा अ‍ॅव्हरेज ठरवून दिलेला असायचा, त्याहून जास्त जळलं तर कपात. बाबा कंजूष आहेत असं शेजारचे म्हणायचे. ते कंजूष नव्हते. त्यांची कमाईच न खाण्यावर मांडलेली होती.

आणि कंपनी कोणती? गोदामाच्या भिंतीवर देशभर शाखा असलेल्या मोठ्या ट्रान्सपोर्टचं नाव पुरुषभर उंचीच्या अक्षरांत. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवरही, तेच नाव. आम्हाला शाळेत त्या नावाचा अभिमान वाटायचा. गाडी मात्र त्या कंपनीची नसायची. ती लावलेली गाडी, एखाद्या शेठनं कर्ज काढून घेतलेली, एक किंवा दोन. कंपनी कारखान्याकडून भाडं ठरवायची, आपला हिस्सा ठेवून उरलेलं शेठला द्यायची, तेही महिना-दोन महिन्यांनी. शेठ हप्त्यात अडकलेला, तो ड्रायव्हरला थांबवायचा. काही मोठ्या कंपन्या स्वतःच्या गाड्या, स्वतःचे ड्रायव्हर ठेवतात. हुबळीच्या व्हीआरएलचं नाव त्यात घेतलं जातं. आमच्या बाजूला मात्र बहुतेकांचा शेठ वेगळा आणि भिंतीवरचं नाव वेगळं होतं. तक्रार कुणाकडे करायची हे त्यामुळे कधीच ठरलं नाही. शेठ म्हणायचा, "मला कंपनी देत नाही." कंपनीचा क्लार्क म्हणायचा, "तू आमचा माणूस नाहीस."

एका पावसाळ्यात आमच्या एका काकांच्या गाडीची ताडपत्री भिवंडीजवळ फाटली. काही कार्टन भिजले. मालाची जी तूट निघाली ती काकांच्या हिशेबातून महिनोन् महिने वळती झाली. ताडपत्री जुनी आहे, बदलून द्या, असं त्यांनी निघण्याआधी सांगितलं होतं. त्या वर्षी त्यांच्या थोरल्या मुलीची शाळा सुटली. ती आज आमच्यात बसते तेव्हा हे सांगताना तिचा आवाज चढत नाही, पण आमचा चढतो.

आईकडे कालनिर्णय होतं. प्रत्येक घरी असतंच, पण आमच्या आयांनी त्याचा उपयोग वेगळा केला. पाड्याजवळच्या दुकानात फोन आला की निरोप यायचा. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर उतरायचा, म्हणून बाबांचे फोन त्याच वेळी. दुकानदार झोपेतून उठून हाक मारायचा, हे त्याचे उपकार आम्ही विसरलेलो नाही. बाबा सांगायचे ते आई सकाळी चौकोनात लिहायची. 'भ' म्हणजे गाडी भरली. 'ला' म्हणजे नाक्याला, गेटला किंवा गोदामाला जाऊन लागली. 'खा' म्हणजे खाली झाली. आईला लिहिता येत होतं ते एवढंच, आणि त्यात सगळं मावायचं. जुनी कॅलेंडरं काढून आम्ही एकदा ती पानं नीट पाहिली. 'भ' आणि 'ला' यांच्यात फारसं अंतर नसायचं. 'ला' आणि 'खा' यांच्यात मात्र कोरे चौकोनच चौकोन.

ते कोरे चौकोन म्हणजे आमचं बालपण. भिलाडच्या नाक्यावर कागद तपासायची रांग. दहिसरला जकातीची रांग. मुंबईत ठरावीक वेळेला अवजड गाडीला बंदी, म्हणून शहराबाहेर थांबणं. न्हावा-शेव्याला गेटची रांग. भिवंडीत गोदाम भरलेलं आहे, म्हणून गल्लीत उभं राहणं. शनिवारी दुपारी पोचलं तर सोमवारपर्यंत कुणी मालाला हात लावणार नाही. त्या सगळ्या वेळात गाडी सोडून जाता येत नाही, माल ड्रायव्हरच्या जबाबदारीवर असतो. स्टोव्हवर खिचडी, गाडीखाली झोप, आंघोळीला जिथं पाणी मिळेल तिथं. आणि या वेळेचा पैसा नाही. भत्ता फेरीवर होता, दिवसांवर नव्हता. हॉल्टिंग नावाची रक्कम बिल्टीच्या धंद्यात असते, कारखाना ती कधी देतोही, पण ती उतरत उतरत ड्रायव्हरपर्यंत येईस्तोवर संपायची.

आमची वकील बहीण एका दिवाळीत जुना कायदा घेऊन आली. मोटार परिवहन कामगार कायदा, 1961. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48. सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. आठवड्याची सुट्टी. जिथं रात्री थांबावं लागतं तिथं विश्रांतीची खोली. लांब पल्ल्याला परवानगी घेऊन 10 तास, त्याहून अधिक नाही. तिनं हे वाचलं तेव्हा आमच्यात कुणी बोलेना. दादरा-नगर हवेली रीतसर भारतात आली तेही 1961 सालचंच, 11 ऑगस्टला. शाळेत आम्ही ते पाठ केलेलं. त्याच सालचा हा कायदा आमच्या वडिलांनी पूर्ण नोकरी संपेपर्यंत ऐकला नव्हता. कायद्यात एक अट होती, पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मालकालाच तो लागू. एका गाडीचा शेठ त्यातून आपोआप सुटला, आणि भिंतीवरच्या नावानं ड्रायव्हर आपला मानलाच नाही. मला वाटतं, आमच्या बापांच्या आयुष्याचं सगळ्यात मोठं नुकसान या फटीतून झालं. ते कुणाच्या दुष्टपणानं झालं असं मी म्हणणार नाही. पण ती फट कुणी बुजवलीही नाही.

झोपेचं बोलायला आमच्या घरांत मनाई होती. एका घरात अपघात झाला, माणूस वाचला, पण त्यानंतर आया रात्री हायवेचं नाव काढत नसत. 2020 साली सेव्हलाइफ फाउंडेशननं ट्रकचालकांची पाहणी केली. त्यात जवळपास निम्म्यांनी कबूल केलं की थकवा किंवा झोप असतानाही ते गाडी चालवतात, आणि शेकडा 84 जण म्हणाले की आपल्या घरातल्या कुणाला या धंद्यात या असं सांगणार नाही. आमच्या बाबांनी तेच सांगितलं होतं, फक्त पाहणीशिवाय. जानेवारी 2024 मध्ये अपघात करून पळून जाणाऱ्या चालकासाठी नव्या न्याय संहितेत असलेल्या 10 वर्षांपर्यंतच्या शिक्षेविरुद्ध ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. ड्रायव्हर अपघातानंतर पळतात कशाला, असं टीव्हीवर विचारत होते. जमाव काय करतो हे मनोरच्या, तळासरीच्या रस्त्यावर राहणाऱ्या कुणालाही विचारावं. कुणाचा जीव गेला त्या घरचं दुःख आम्ही कमी मानत नाही. पण चोवीस तास जागा असलेला माणूस स्टेअरिंगवर कुणी बसवला, हा प्रश्न त्या दिवसांत फार थोड्यांनी विचारला.

आमच्या पिढीतला एकच चुलतभाऊ या धंद्यात राहिला. तो आता न्हावा-शेव्याला कंटेनर नेतो. पुष्कळ गोष्टी खरोखर सुधारल्या, हे तोच सांगतो. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि जकातनाके उठले. टोलला फास्टॅग आहे, कागद ई-वे बिलात आहेत. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. हे ऐकून आई म्हणाली, "तुमच्या बाबांच्या वेळी असता तर पाय तरी नीट राहिला असता." चुलतभावाची गाडी जुनी, तिला एसी नाही. गाडीत जीपीएस मात्र आहे. तासभर उभी राहिली की ऑफिसातून फोन येतो, "का थांबलास?" पोर्टच्या पार्किंगमध्ये दोन दिवस उभी राहिली तर फोन येत नाही.

म्हणजे जे आई कॅलेंडरवर लिहायची ते आता यंत्रात मिनिटासकट नोंदलं जातं. गाडी गेटला कधी लागली, कधी सुटली, सगळं. चुलतभावानं शेठकडे मागितलं की चोवीस तासांच्या पुढच्या थांबण्याचं हॉल्टिंग मला द्या, नोंद तुमच्याकडेच आहे. शेठ म्हणाला, कंपनीकडून येत नाही. मग वकील बहिणीनं त्याला अर्ज लिहून दिला, एक प्रत शेठला, एक कंपनीच्या सिल्वासा शाखेला, सोबत जीपीएसच्या नोंदी जोडून. दोन्हीकडून उत्तर आलेलं नाही. गेल्या रविवारी आम्ही पुन्हा बसलो होतो. अर्ज परत द्यायचा ठरलं आहे. या वेळी तो एकट्याच्या सहीनं जाणार नाही. त्याच पार्किंगमध्ये थांबणारे आणखी काही ड्रायव्हर सही करायला तयार आहेत, त्यातला एक मालेगावचा आहे, एक सुरगाण्याचा, आणि दोघांच्याही शेठची नावं वेगळी असली तरी बिल्टीवरचं नाव एकच आहे.