ओहायोची सून, शेफील्डची पानगळ



येत्या डिसेंबरात आमची भाचेसून इंदूरला येणार आहे आणि एक दिवस आपल्या शाळेतही येणार आहे. ती अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जन्मली, तिथेच वाढली. आमच्या बहिणीचा मुलगा शिकायला गेला होता, तेव्हा त्यांचे लग्न झाले. २०१९ पासून दोघेही नोकरीनिमित्त इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात राहतात. पाहुणी येण्याआधी तिची थोडी ओळख असावी, म्हणून हा लेख. २०२३ साली दसरा-दिवाळीच्या सुट्ट्यांना अर्जित रजा जोडून आम्ही तिच्याकडे साडेतीन आठवडे राहून आलो. लंडनही पाहिले, पण त्याचे फोटो आता घरोघरी असतात, ते वर्णन इथे करत नाही.

आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. इंग्रजी वाचता येते, कामापुरते लिहिता येते, बोलताना मात्र जीभ अडखळते. जाताना त्याचीच धास्ती होती. तिथे जाऊन पाहतो तर जिची मातृभाषाच इंग्रजी, ती भाचेसूनदेखील इंग्लंडमध्ये अडखळत होती! पहिल्या वर्षीच्या गमती तिने सांगितल्या. शेजारीण सकाळी भेटली की विचारायची, "यू ऑल राइट?" हिला वाटायचे, आपला चेहरा आजारी दिसतो की काय. ती बिचारी आपल्या झोपेची, सर्दीची सगळी हकीकत सांगत बसायची. तिथे तो नुसता नमस्कार असतो. ऑफिसात साहेबाने तिच्या कामाला "क्वाइट गुड" म्हटले, तेव्हा ती खूश होऊन घरी आली. ओहायोत त्याचा अर्थ 'फार छान'. इंग्लंडात बहुतेक वेळा 'ठीक आहे, चालेल'. हे कळायला तिला सहा महिने लागले.

मग नगरपालिकेचे पत्रक. कचरा कधी उचलणार, ते त्यात लिहिलेले होते, "फोर्टनाइटली". हा शब्द अमेरिकेत कोणी वापरत नाही. तिला फक्त 'नाइट' कळले आणि ती रात्री डबा बाहेर ठेवू लागली. आम्ही ऐकताच म्हणालो, "अगं, फोर्टनाइट म्हणजे पंधरवडा." इंग्रजीच्या बाबतीत आम्ही तिला काही सांगावे, असा प्रसंग आयुष्यात येईल असे वाटले नव्हते. (कचऱ्याची गाडी रोज गाणे वाजवत दारात येते, अशा शहरातल्या माणसाला पंधरा दिवसांचा कचरा घरात सांभाळणारे लोक पाहून काय वाटले, ते लिहीत नाही.)

नंतर आमच्या लक्षात येत गेले की ह्या देशातल्या कितीतरी गोष्टी तिच्यापेक्षा आम्हालाच ओळखीच्या होत्या. भिंतीवरच्या प्लगला शेजारी बटण असते, ते आपल्याकडेही असते. अमेरिकेत नसते. वीज २३० व्होल्टची, म्हणून चहाची किटली पाहता पाहता उकळते. ओहायोत १२० व्होल्ट, तिथे किटलीला वेळ लागतो. जमिनीलगतचा मजला ग्राउंड फ्लोअर आणि त्याच्या वरचा पहिला, हा हिशेब आपलाच. अमेरिकेत जमिनीवरचाच पहिला. लिफ्ट, पेट्रोल, टॉर्च हे शब्द आपण अगदी मराठीसारखे वापरतो, तिला ते नव्याने शिकावे लागले. तारीखही तशीच. ५/११ म्हणजे आपल्याला ५ नोव्हेंबर, तिला ११ मे. कपडे ती ओहायोत यंत्रात वाळवायची. शेफील्डच्या छोट्या घरात ते यंत्र ठेवायला जागा नाही. ऑक्टोबर लागला की तिथली हवा इतकी दमट होते की मोजे दोन-दोन दिवस हीटरवर पडून असतात. आपल्याकडे श्रावणात होते तसेच.

आता ऋतूबद्दल. शब्दकोशात ऑटम म्हणजे शरद असे दिलेले असते. पण आपला शरद आश्विन-कार्तिकात येतो, पाऊस ओसरलेला, आकाश स्वच्छ, कोजागरीचे चांदणे. पाने गळतात ती आपल्याकडे शिशिरात, माघ-फाल्गुनात. तिथे मात्र आश्विनातच पानगळ सुरू. भाचेसून त्या ऋतूला 'फॉल' म्हणते. शेफील्डच्या लोकांना हा शब्द अमेरिकन, जरा अडाणी वाटतो. आम्हाला तो ऐकताक्षणी पटला, कारण आमच्या शाळेच्या हिंदी पुस्तकात 'पतझड़' होता. पत्ते झडतात तो पतझड़, पाने गळतात ती पानगळ, पाने पडतात तो फॉल. तिन्ही शब्द सरळ झाडाकडे बोट दाखवतात.

आणि गंमत अशी की फॉल हा शब्द मूळचा इंग्लंडचाच. फार पूर्वी तिथे ह्या ऋतूला 'हार्वेस्ट', म्हणजे सुगी, म्हणत. सोळाव्या-सतराव्या शतकात 'पानांची पडझड' अशा अर्थाने फॉल वापरात होता. इंग्लंडचे लोक जहाजांत बसून अमेरिकेला गेले, तेव्हा तो शब्द बरोबर घेऊन गेले. पुढे मायदेशात लॅटिन-फ्रेंच वळणाचा ऑटम रुळला आणि फॉल मागे पडला. दूर गेलेल्यांनी तो जपला, आणि आता घरचेच लोक त्यांना म्हणतात की हे काय बोलता! होळकरांच्या काळापासून माळव्यात राहिलेल्या आपल्या मंडळींना पुण्याला गेल्यावर कोणाकोणाकडून काय ऐकावे लागते, ते इथे वेगळे सांगायला नको.

ऋतूच्या रंगांवरून मात्र ती थोडी उदास होती. ओहायोत मेपलची झाडे लालभडक होतात. पानातले हिरवे द्रव्य ओसरले की आधीपासून असलेला पिवळा रंग दिसू लागतो, हे सगळीकडे सारखेच. पण लाल रंग त्या दिवसांत पानात नव्याने तयार व्हावा लागतो आणि त्याला लख्ख ऊन व गार रात्री लागतात. इंग्लंडात ढग फार आणि झाडे मुख्यतः बीच, ओक, बर्च. म्हणून तिथली पानगळ पिवळी, तांबूस, तपकिरी. आम्हाला ती फार आवडली. टेकडीवर वसलेले शहर, चढउताराचे रस्ते आणि पायाखाली ओल्या पानांचा थर. ती मात्र म्हणायची, "मावशी, हे सुंदर आहे, पण हे माझं नाही."

त्याहून जड जातो तो अंधार. इंदूर २३ अक्षांशाच्या जवळपास, ओहायोची राजधानी कोलंबस ४० वर, शेफील्ड ५३ च्याही वर. १२ नोव्हेंबरला इंदूरला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, कोलंबसला सव्वापाचला, शेफील्डला सव्वाचारलाच. त्यातून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळे एक तास मागे घेतात. २०२३ साली ती रात्र नेमकी कोजागरीची होती आणि चंद्रग्रहणही होते. इंदूरहून बहिणीचा फोन, की ग्रहणात आटीव दुधाचे काय करायचे. इकडे आम्ही ढगांतून चंद्र शोधत होतो आणि भाचा आणि सून घरातली घड्याळे फिरवत होते. अमेरिकेत घड्याळे त्यानंतर एका आठवड्याने मागे जातात. त्यामुळे एरवी पाच तासांचे असलेले अंतर त्या आठवड्यात चार तासांचे होते. "हा आठवडाभर माझी आई मला एक तास जवळ असते," असे ती म्हणाली.

तिचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. तिथल्या सरकारी शाळेत गणवेश असतो. ओहायोच्या सरकारी शाळेत तिने कधी गणवेश घातला नव्हता. आपल्या पालकांना ह्यात नवल वाटणार नाही. मुलगा खिशात हॉर्स चेस्टनटच्या चकचकीत तपकिरी बिया भरून यायचा. त्यांना भोक पाडून दोरीत ओवतात आणि एकाने दुसऱ्याची बी फोडायची, असा तिथला खेळ आहे. एक दिवस शाळेच्या फाटकाशी तिने त्याला हाक मारून सांगितले, "पँट वर घे." ब्रिटनमध्ये पँट म्हणजे आतली चड्डी. पोरे खो-खो हसली. घरी येताना तो काही बोलला नाही. रात्री त्याने आईला सांगितले, "फाटकाशी तू बोलू नकोस. बाबा बोलले तर चालेल."

बाबांचे इंग्रजी इंदूरचे. ते चालेल. आईची मातृभाषा चालणार नाही!

ती स्वयंपाकघरात ओटा पुसत राहिली. आम्ही काय बोलणार? पस्तीसएक वर्षे शाळेच्या फाटकाशी उभे राहतो आहोत. आईने "काय करून राहिलास, चल ना भिया" अशी हाक मारली की मान खाली घालणारी मुले आम्ही पाहतो. काही माता आता हाकच मारत नाहीत, हेही पाहतो. आम्ही तिला एवढेच विचारले, की तू काय करणार. ती म्हणाली, "ट्राउझर्स म्हणेन. त्याने माझं काही जात नाही. फॉल मात्र सोडणार नाही." आम्हाला विचाराल तर पँटही सोडायला नको होती. पण फाटकाशी रोज उभे राहायचे होते ते तिला, आम्हाला नव्हे.

५ नोव्हेंबरला आतषबाजी झाली. १६०५ साली गाय फॉक्स आणि त्याच्या साथीदारांनी पार्लमेंट दारूने उडवायचा कट केला, तो फसला, त्याची ही आठवण. शेकोटीत त्याचा पुतळा जाळण्याची प्रथा आहे. पहिल्या वर्षी ती घाबरली होती म्हणे. रावणदहन पाहत वाढलेल्या आम्हाला त्यात काही विशेष वाटले नाही. ओटचे पीठ, आले आणि काकवी घालून केलेला पार्किन नावाचा केक त्या रात्री खातात, तो मात्र उत्तम. थेट आपल्या गूळपापडीची आठवण झाली.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते आणि इंग्लंडात त्याच दिवशी युद्धात पडलेल्यांचा स्मृतिरविवार. सकाळी चौकात कागदी पॉपीची फुले लावून लोक दोन मिनिटे स्तब्ध उभे होते, संध्याकाळी आमच्या दारात पणत्या. ओहायोत ११ नोव्हेंबरला हयात माजी सैनिकांचे आभार मानतात, इथे गेलेल्यांना आठवतात, हा फरक तिने मुलाला समजावून सांगितला. फाटकापासून लांब, घरच्या पायरीवर, तिच्या स्वतःच्या उच्चारात. तो ऐकत होता.

आम्ही परतल्यावर तिचा थँक्सगिव्हिंग आला, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. ब्रिटनमध्ये त्याची सुट्टी नसते, म्हणून तिने तो शनिवारी केला. अख्खी टर्की दुकानात ख्रिसमसच्या आधी सहसा मिळत नाही, म्हणून कोंबडी भाजली. भोपळ्याचा गोड पाय केला आणि शेजारणीला बोलावले, तीच "यू ऑल राइट?" वाली. शेजारणीने खाऊन म्हटले, "क्वाइट गुड." भाचेसून आम्हाला फोनवर हे सांगताना हसून हसून बेजार झाली होती.

तर अशी ही पाहुणी. आठवी-नववीच्या मुलांनी प्रश्न लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावेत. ती मराठी समजते, हळू बोलावे लागते. आपली इंदुरी मराठी तिला जास्त कळते, कारण ती तिने नवऱ्याकडूनच शिकली आहे. मुलगाही बरोबर असेल. त्याच्यासाठी कोणी भोवरा आणि जाळी आणली तर बरे होईल.