रिकाम्या टिपाडाची जागा

भरलेल्या टिपाडाला घरात लगेच जागा मिळते. भांडण होतं ते रिकाम्या टिपाडावरून. दोनशे लिटर पाणी आत असलं की ते न्हाणीत, जिन्याखाली, वेळ पडली तर बैठकीत सोफ्याशेजारीही घरातल्या थोरल्या माणसासारखं खपवून घेतात. रिकामं झालं की तेच सगळ्यांच्या पायात येतं. लोकांची घरं लावून देता देता माझे केस पिकले. नात्यागोत्यात कुणाचं घर बदललं, लग्न उरकलं, म्हातारं माणूस गेलं आणि त्याची खोली मोकळी करायची वेळ आली, की मला बोलावणं येतं. पण या एका प्रश्नाचं पुरतं उत्तर मला लातुरातल्या एकाही घरात सापडलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यापासून उजवा खांदा धरलाय. हात कानाच्या वर जात नाही, म्हणून माळ्यावर चढणं बंद. आता शेजारची सून स्टुलावर उभी राहते आणि मी खालून सांगते. माळ्याचं एवढं दुःख नाही. दुःख आहे ते डब्यांचं. फळीवरचा स्टीलचा डबा नुसता उचलला की तूरडाळ किती उरली, ते मला झाकण न काढता कळायचं. आता वरचा डबा डाव्या हाताने ओढून घ्यावा लागतो आणि डाव्या हाताला वजनाची अक्कल नाही.

घड्या कशा घालायच्या, माळ्यावर मागे काय नि पुढे काय, हे इथे सांगत बसत नाही. हे काम करणारीला ते ठाऊकच असतं. मला बोलायचंय ते रिकाम्या भांड्याबद्दल. बादल्या एकात एक जातात, घमेली जातात, पातेली तर त्यासाठीच घडवलेली असतात. घागर जात नाही. पोट मोठं, गळा अरुंद. जुन्या बायकांनी यावर उतरंड काढली, गाडग्यावर गाडगं. पण उतरंडीतलं गाडगं रिकामं नसायचं हे आपण विसरतो. कशात हुलगे, कशात मूग, कशात बियाणं. म्हणजे ती रिकाम्या भांड्यांची सोय नव्हतीच. टिपाडाची कथा आणखी वाईट. प्लास्टिकचं निळं टिपाड वरून खालपर्यंत जवळपास सारखं, एकात दुसरं शिरत नाही. आडवं केलं तर गडगडतं. उलटं केलं तर त्यावर कुणीतरी इस्त्रीचे कपडे ठेवतं. मग ते टिपाड राहत नाही, टेबल होतं, आणि भल्या पहाटे नळाला पाणी आलं की आधी टेबल आवरत बसावं लागतं. आत वाकळा भराव्यात तर महिनाभरात त्यांना असा कुबट वास लागतो की पाहुण्याला पांघरायला देण्याची सोय राहत नाही.

मग टाकून का देत नाही? हे विचारणारा माणूस बहुतेक पुण्याहून आलेला असतो. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी कलम 144 लावायची वेळ आली, घागरी घेऊन घोळक्याने उभं राहायला बंदी. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, ती जलदूत. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. ते पाणी टँकरने गल्लीत यायचं आणि टँकरवाला माणसं मोजत नव्हता, भांडी मोजत होता. ज्या घरात भांडी जास्त त्या घरात पाणी जास्त. त्या महिन्यांत ज्या बाईने टिपाडं, कॅन, तेलाचे रिकामे डबे, लग्नाच्या आहेरातल्या कळशा ओळीने मांडल्या, तिला तुम्ही आता सांगणार की वर्षभर वापरलं नाही ते घराबाहेर काढा? त्याच साली परतीच्या पावसात मांजरा भरलं. टिपाडं काही कुणी काढली नाहीत. मी काढायला सांगितलीही नाहीत.

त्यात आरोग्य खात्याच्या बायका दारोदार येऊन सांगतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी उपडी करा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. बरोबरच आहे त्यांचं. पण ज्या गल्लीत नळच आठ दिवसांनी येतो, तिथल्या बाईने कोरडा दिवस कोणता धरायचा? डासाचा आणि नळाचा वार एकच पडतो. मी सांगते, पाणी यायच्या आदल्या रात्री जे तळाला उरलंय ते अंगणात ओता, घासा, उपडं करा. म्हणजे आठवड्यातली एक रात्र सगळी टिपाडं रिकामी, उपडी आणि माझ्या पायात.

वर ठेवावीत, असं नवशिक्याला सुचतं. लातुरात वर ठेवण्याचं एक वेगळंच दुखणं आहे. माझं अर्धं गोत औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, गणपती बोळवून माणसं नुकती झोपलेली, चारला काही मिनिटं कमी असताना किल्लारीची जमीन हलली. जवळपास दहा हजार माणसं गेली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचं ओझं. त्या भिंतींत काय नव्हतं? कोनाडे, देवळ्या, फडताळं, धान्याला बळद. घर लावणारीच्या नजरेने पाहिलं तर तशी सोय पुन्हा झाली नाही. मी त्यांचं कौतुक करायला तोंड उघडते आणि मिटते, कारण माणसं गेली ती त्याच भिंतींखाली. पुढे बावन्न गावं नव्या जागी वसली, ज्याच्या त्याच्या जमिनीप्रमाणे 250, 400 नाहीतर 750 चौरस फुटांची घरं मिळाली. घरं पक्की, पण कडब्याची, औतफाट्याची, पोत्यांची जागा त्या चौरस फुटांत कुणी धरली नव्हती. मग पोती पलंगाखाली आणि कुळव दारामागे. आलेला पाहुणा म्हणायचा, काय हा पसारा! पसारा माणसाचा नव्हता, नकाशाचा होता.

त्या भागातली बाई आज लातुरात फ्लॅटमध्ये राहत असली तरी झोपायच्या जागेवर माळा करू देत नाही. डोक्यावर वजन नको. पुण्याला शिकलेल्या मुलाने कितीही समजावलं तरी नको. मी अशा घरात वाद घालत नाही. जड सगळं कमरेच्या खाली, वर फक्त परड्या, सुपं, दिवाळीचे आकाशकंदील. त्यामुळे टिपाड वर जाऊ शकत नाही आणि खाली राहू शकत नाही. मी वर्षानुवर्षं गोल गोल फिरते ती इथेच.

फिरण्यावरून गोलाई आठवली. गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात आणि एका रस्त्याला सोनं, दुसऱ्याला चपला, तिसऱ्याला भांडी, असं ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. लहानपणी मला वाटायचं, घर असंच लावायचं असतं. आता वाटतं, दुकानदाराला जमतं कारण माल विकून जातो. आपल्याकडे टॉवेल-टोपी आणि ब्लाउजपीस येतात, ते कुठे विकायचे? एका लग्नात आलेले दुसऱ्या लग्नात फिरवायचे. आहेर ज्याने दिला त्याच्याच घरी परत जाऊ नये म्हणून मी प्रत्येक घडीत चिठ्ठी ठेवते. हे माझं खरं कसब. मोबाइलवरच्या बायका हे दाखवत नाहीत.

त्यांच्यावर माझा राग आहे, लपवत नाही. सगळं धान्य पारदर्शक बरण्यांत, एका उंचीच्या. उजेड लागला की मसाल्याचा रंग उडतो, हे त्यांना कोण सांगणार? ती जपानची मारी कोंडो म्हणते, वस्तू हातात घ्या आणि आनंद होतो का बघा. टिपाड हातात घेऊन बघा म्हणावं! तिच्या पद्धतीला एक गोष्ट गृहीत लागते : लागलं की दुकान उघडं आणि तोटी फिरवली की पाणी. तिनेही तिसरं मूल झाल्यावर आवराआवरीचा नाद थोडा सोडला, असं 2023 साली सांगितलं. ते वाचून मला बरं वाटलं, जरा जास्तच.

माझ्या शिष्येला मात्र त्या बायका आवडतात. ती प्रत्येक डब्यावर नावाची पट्टी चिकटवते. मी नको म्हणते आणि कारण सांगते की पट्टीखाली मळ साचतो. खरं कारण तिला माहीत आहे. लावलेल्या घरातून मला फोन येतात, "काकू, जायफळ कुठं ठिवलाव?" आणि मी इथे बसून सांगते, दुसरी फळी, डावीकडे, वेलदोड्याच्या मागे. दुसऱ्याच्या घरातलं जायफळ त्या घरच्या बाईला माहीत नसावं आणि मला असावं, यात एक सुख आहे. पट्टी लावली की फोन बंद.

परवा नांदेड रस्त्यावरच्या एका घरी तिने मला न विचारता टिपाडाच्या बुडाशी भोक पाडून तोटी बसवून घेतली आणि टिपाड घडवंचीवर चढवलं. आता स्वयंपाकाचं रोजचं पाणी त्यातूनच घेतात. नळाच्या आदल्या रात्री ते जागेवरच तळापर्यंत निथळतं, आतून घासायचं, सकाळी पुन्हा भरायचं. उपडं करून पायात आणायची गरजच नाही. "काकू, रिकामं राहतंयच कुठं ते?" ती म्हणाली. मी तोटी गळते का ते बराच वेळ वाकून पाहिलं. गळत नव्हती. राग आला तो याचा की हे मला सुचायला हवं होतं. अर्थात हे एका टिपाडाचं झालं. त्या घरात चार आहेत, आणि चार घडवंच्या मांडायला तो काही पाणपोईचा मंडप नाही, असं मी लगेच ऐकवलं.

आता घडवंचीखालच्या जागेवरून आमचं वाजलंय. ती म्हणते, मोकळी ठेवा, झाडू फिरला पाहिजे. मी म्हणते, येळवशीच्या सणाची भज्जीची पातेली आणि आंबिलाची बिंदगी वर्षातून एकदा लागतात, ती उरलेलं वर्ष कुठे जायची? तिथे ती बसतात. मी मापून पाहिलंय. पातेली एकात एक घातली आणि बिंदग्यांची तोंडं भिंतीकडे केली की बरोबर बसतात.