गाठ हिच्याशी आहे

भंडारा जिल्ह्यात घोडी तशी थोडीच. शंकरपटाच्या या मुलखात धावण्याचा मान बैलजोडीने घेतला आणि घोडीच्या वाट्याला नवरदेव आला. तुळशीचं लग्न लागलं की पांढऱ्या घोडीला मागणी येते, झुलीला नवी जर लागते, आयाळीत गोंडे गुंफले जातात. आणि नेमकी अशाच दिवसांत, वरातीच्या आदल्या रात्री, तिच्या मानेवर एक पाहुणी उतरते. तिचं नाव गाठ. तुमची तिची अजून भेट नसेल, तर ओळख करून घ्या. घोडं पाळणाऱ्याला आज ना उद्या ती भेटतेच.

सावकाश येणं तिला ठाऊक नाही. संध्याकाळी खरारा केला तेव्हा अंग गुळगुळीत असतं. जेवणं आटोपून बॅटरी घेऊन पाहावं, तर मानेपासून बरगड्यांपर्यंत तिचं सगळं गोत मुक्कामाला आलेलं. कुणी रुपयाएवढी, कुणी तळहाताएवढी. घरच्या जनावरांत तिचा सर्वाधिक जीव घोड्यावर. गायीम्हशींकडेही ती जाते, पण घोड्याच्या घरी तिचा राबता मोठा.

साक्षीदार मात्र तिला खपत नाही. सकाळी डॉक्टर दारात येईपर्यंत ती बहुतेक वेळा निघून गेलेली असते. ‘राती अंगभर होत्या जी डाक्टरसायेब, आता पाहा तं एकबी नाई,’ घोडीवाला ओशाळून सांगतो. डॉक्टरांना यात नवल वाटत नाही. ‘तुम्ही खरंच सांगता, काका. तिची रीतच तशी आहे. पुढच्या वेळी आल्या की लगेच फोटो काढा आणि किती वाजले ते लिहून ठेवा.’ एक-दोन दिवसांत मागमूस न ठेवता जाणं हीच तिची मोठी खूण. जी आठवडाभर एकाच जागी ठाण मांडून बसते, ती बहुधा हिच्या नावाने वावरणारी दुसरीच कुणीतरी.

स्वभावाने ती मऊ आहे. बोटाने दाबा, खळगा पडतो आणि थोडा वेळ तसाच राहतो. आत पू नसतो, वाढलेलं मांस नसतं. बारीक रक्तवाहिन्यांतून पाझरलेलं पाणी असतं. कातडीत मास्ट पेशी पहारेकऱ्यासारख्या बसलेल्या असतात. त्यांना कशाचा संशय आला की त्या हिस्टामीन हे रसायन सोडतात, वाहिन्या सैलावतात, पाणी बाहेर झिरपतं आणि गाठ वर येते. घरात कुणीतरी शिरलं आहे, एवढी खबर ती इमानाने देते. कोण शिरलं, ते मात्र सांगत नाही. ते शोधणं तिने आपल्यावर सोडलं आहे.

तिच्या नावावर खपणाऱ्या तोतया बऱ्याच. पहिली खोगिराखाली राहते. टणक, गोल, न दुखणारी, दाबली तरी खळगा न पडणारी. तिथले तंतू खराब होऊन ती बनते आणि महिनोन्महिने हलत नाही. दुसरी सर्रा या रोगाबरोबर येते. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. घोडं वाळत जातं, पायांवर आणि पोटाखाली सूज उतरते आणि अंगावर हुबेहूब या गाठीसारखे फुगवटे दिसतात. त्याचा जंतू रक्तात पोहतो आणि घोडमाश्या तो एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने 1880 मध्ये डेरा इस्माईल खान इथे घोड्या-उंटांच्या रक्तात तो पहिल्यांदा पाहिला. म्हणून गाठीबरोबर ताप असेल, तर रक्ताचा थेंब काचपट्टीवर गेलाच पाहिजे.

तिसरी तोतया सर्वांत घातकी. पायाच्या आतल्या बाजूने ओळीने गाठी, त्या फुटून मधासारखा चिकट स्राव, नाकातून शेंबूड. हा ग्लँडर्स असू शकतो. तो माणसालाही होतो, म्हणून अशा गाठीला उघड्या हाताने शिवायचं नाही. 2006 मध्ये महाराष्ट्रातच त्याने पुन्हा डोकं वर काढलं होतं. संशय आला की रक्ताचा नमुना हरियाणातल्या हिसारला, राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. तिथून अहवाल येईपर्यंत घोडी वरातीला न्यायची नाही. मग सुपारी परत करावी लागली तरी चालेल.

लम्पीमुळे आपल्या गाठीची बदनामी फार झाली. 2020 च्या पावसाळ्यात पूर्व विदर्भातल्या गोठ्यांत लम्पी शिरली आणि गायीबैलांच्या अंगावरच्या गाठी पाहून माणसं हवालदिल झाली. तेव्हापासून घोडीच्या अंगावर काही उठलं की शेजारी दुरूनच म्हणतात, ‘लम्पी आली वाट्टे.’ ही भीती निराधार आहे. लम्पी गायीची आणि म्हशीची. घोड्याला ती होत नाही. उलट घोड्यांसाठी उभ्या राहिलेल्या त्याच हिसारच्या केंद्राने, इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेबरोबर, गायींसाठी लम्पीची देशी लस तयार केली आणि ती ऑगस्ट 2022 मध्ये जाहीर झाली. गायींवर घोड्यांचं हे ऋण आहे. शेजाऱ्यांनी ते विसरू नये.

तोतया बाजूला सारल्या की खरी गाठ उरते, आणि तिच्या आवडीनिवडी ठरलेल्या आहेत. ती बसते कुठे, त्यावरून ती कुणाच्या सांगण्यावरून आली त्याचा अंदाज लागतो. तंगाच्या रेषेत किंवा झुलीच्या कडेने उठली, तर नवी जर, नवा रंग, धुताना राहिलेला साबण यांच्याकडे बोट जातं. तोंडावर आणि पायांवर उठली, तर जिथे चरायला सोडलं तिथलं गाजरगवत तपासावं. आयाळीच्या मुळाशी आणि शेपटीच्या बुडाशी खाज सुटून केस झडले असतील, तर चिलटांचं नाव घ्यावं. आणि मानेपासून कुशीपर्यंत सगळीकडे एकदम उठली, तर काहीतरी पोटातून, श्वासातून किंवा सुईतून आत गेलेलं आहे.

चिलटांशी तिचं साटंलोटं जुनं. आपल्याकडे मुरकुटं म्हणतात, त्यांतलीच ही एक जात. लांबी एक ते तीन मिलिमीटर. ओला चिखल, कुजका पाला, शेण हे त्यांचं माहेर. मालगुजारी तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या या जिल्ह्यात त्यांना जागेची वाण नाही. पहाटे आणि दिवेलागणीला माद्या रक्त प्यायला निघतात आणि त्यांच्या लाळेचा ज्या घोड्याला राग आहे त्याच्या अंगावर गाठ उठते. पण उडण्यात या मुरकुटांचा जीव तोळामासा. तबेल्यात मोठा पंखा लावला की त्यांना घोडीपर्यंत पोचणं जड जातं. दिवेलागणीआधी घोडी आत घ्यावी, बारीक जाळी लावावी, शेणाचा ढीग लांब न्यावा. एवढ्यावर गाठ येईनाशी झाली, तर चोर सापडला म्हणायचं.

‘चार वर्षं झाली, इथंच बांधतो जी, कधी काई झालं नाई,’ हा घोडीवाल्याचा आवडता बचाव. गाठीपुढे तो टिकत नाही. ती पहिल्या भेटीत रुसत नाही. आधी ओळख होते, कातडी ती ओळख मनात धरून ठेवते आणि मग कधीतरी चिडते. आइसलँडच्या घोड्यांनी हे जगाला दाखवलं. त्या बेटावर ही चिलटं पिढ्यानपिढ्या नव्हती. तिथे जन्मलेले घोडे युरोपात नेले की काही वर्षांत त्यांतल्या बऱ्याच जणांना भयंकर खाज सुटते. युरोपातच जन्मलेल्या त्यांच्या भाऊबंदांना हा त्रास त्या मानाने फार कमी. म्हणून जुनी चंदी, जुना तबेला, जुनं खोगीर यांपैकी कुणालाही जुनेपणामुळे निर्दोष सोडायचं नाही.

खाण्याच्या बाबतीत तिची पारख करायला सर्वांत जास्त धीर लागतो. चण्याची चंदी, तुरीची चुनी, धानाचा कोंडा, ढेप, लग्नघरून आलेले लाडू, ओल लागून बुरसटलेलं तणस, यांतलं कुणीही तिला बोलावू शकतं. (लाखोळी तर घोड्याला मुळीच देऊ नये, ती कातडीपर्यंत थांबत नाही, नसांवरच घाला घालते.) रीत अशी की चार ते सहा आठवडे घोडीला एकाच तऱ्हेची, साधी, पूर्वी फारशी न दिलेली वैरण द्यायची. गाठ थांबली, तर जुने पदार्थ एकेक करून परत आणायचे. दोन पदार्थांच्या मध्ये काही दिवस जाऊ द्यायचे. ज्याच्या पाठोपाठ गाठ परतली, तो धरला. एकाच दिवशी तीन गोष्टी बदलल्या, तर गाठ गेली तरी कुणामुळे गेली ते कळत नाही आणि मेहनत वाया जाते.

सुईचीही तिला खोड आहे. पेनिसिलीनसारखं प्रतिजैविक, एखादी लस, एखादं दुखणं थांबवणारं औषध यांच्या मागोमाग ती येते. म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो मागच्या काही दिवसांत काय टोचलं, काय पाजलं याचा. इथे लाजेने लपवलेलं एक इंजेक्शन पुढचा सगळा शोध चुकीच्या वाटेला लावतं. विचारल्यावर सगळं सांगावं. डॉक्टर रागावले तरी घोडीचं भलं होतं.

तिला गप्प बसवायला निघालेल्यांवर ती सूड उगवते. गावात कुणी बिब्बा लावायला सांगतो, कुणी डाग द्यायला. बिब्ब्याचं तेल स्वतःच कातडी जाळतं, फोड आणतं. मग मूळ गाठ कोणती आणि बिब्ब्याची कोणती, हे डॉक्टरांनाही ओळखू येत नाही. स्टेरॉइडच्या सुईने ती खरोखर बसते, पण पुरावाही सोबत घेऊन जाते. त्यानंतर लगेच कातडीची ॲलर्जी चाचणी केली, तर उत्तर खोटं येऊ शकतं. चाचणी मुळातच मदतनीस आहे, न्यायाधीश नव्हे. चाचणीत चिलट दोषी ठरलं आणि गाठ मात्र ऐन उन्हाळ्यात, कोरड्या तबेल्यात उठत असेल, तर उन्हाळ्याचं ऐकावं. जी हलतच नाही, तिचा तुकडा काढून नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावा. रस्ता जेमतेम साठ किलोमीटरांचा आहे.

एरवी हौसेने मिरवणारी ही गाठ कधी खवळते, आणि ते रूप ओळखता आलंच पाहिजे. पापण्या सुजतात, नाकपुड्या आणि ओठ फुगतात, श्वासाला घरघर लागते, घोडी घामाने थबथबते. घोडं तोंडाने श्वास घेऊ शकत नाही; त्याची सगळी भिस्त नाकावर. ती वाट बंद झाली, तर हातात वेळ थोडाच उरतो. अशा वेळी फोटो नको, चर्चा नको, घरगुती लेप तर नकोच. जवळच्या डॉक्टरांना फोन लावायचा, 1962 या सरकारी क्रमांकावर फिरता दवाखाना बोलवायचा. ॲड्रेनलिन वेळेत पोचलं, तर घोडी वाचते.

घराणं मात्र तिचं खानदानी. ‘ॲलर्जी’ हा शब्द जगाला मिळाला तो घोड्याच्या रक्तामुळे. घटसर्पाने घुसमटणाऱ्या मुलांना वाचवण्यासाठी घोड्याच्या रक्तातून काढलेलं प्रतिविष टोचत. मुलं वाचत, पण काहींच्या अंगावर आठ-दहा दिवसांनी गाठी उठत, ताप येई, सांधे दुखत. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी 1905 मध्ये या गाठींवर पुस्तक लिहिलं आणि पुढच्याच वर्षी पिर्केंनी हा शब्द घडवला. आजही धानाच्या बांध्यात कुणाला नागाने किंवा मण्यारने डसलं, तर त्याला जे सर्पविषावरचं प्रतिविष मिळतं ते घोड्याच्याच रक्तातून बनतं. ते देताना डॉक्टर ॲड्रेनलिन हाताशी ठेवतात. कारण घोड्याच्या रक्ताबरोबर कधी कधी घोड्याची ही पाहुणीही माणसाच्या कातडीवर येऊन बसते.

अशा बाईला जिंकायचं तर एक वही पुरते. तारीख, वेळ, अंगावरची जागा, दाबल्यावर खळगा पडला की नाही, त्या दिवशीची चंदी, नवं सामान, टोचलेलं औषध, पाऊस, वारा. काही महिन्यांत ओळी आपसांत बोलू लागतात: दरवेळी दिवेलागण, दरवेळी तीच झूल, दरवेळी त्याच पोत्यातली चुनी. काही घोड्यांच्या बाबतीत एवढं करूनही कारण हाती लागत नाही, हेही खरं. पण तेव्हाही वही फुकट जात नाही; कोण कोण निर्दोष आहे ते तिच्यात लिहिलेलं असतं आणि पुढच्या डॉक्टरला तिथून सुरुवात करता येते. श्वास मोकळा असेल, ताप नसेल आणि घोडी चंदी खात असेल, तर गाठ उठल्यावर पहिला हात औषधाच्या बाटलीकडे न जाता वहीकडे जावा. घोडी बोलत नाही. तिच्या वतीने बोलायला तिच्या कातडीने हिला पाठवलेलं असतं. तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घेणं हे घोडं पाळणाऱ्याचं काम आहे.