टॅपेट कव्हर काढल्याशिवाय

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर साईडर आहे. शाळा आठवीत सुटली. कविता माझ्या मी शिकलो, आणि इंजिनाचं जे काय कळतं ते मामाकडून. मामा ट्रक मिस्त्री. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या हाताखाली पाने देतो, रॉकेलात पार्ट धुतो. पुसायला जे कॉटन वेस्ट लागतं ते गिरणीतूनच बाहेर पडलेलं असतं. म्हणजे सुट्टीतही सूत काय सुटत नाही.

हे लिहितोय ते एका जुन्या शेवरलेट ट्रकबद्दल आणि आमच्या वस्तीतल्या तात्यांबद्दल. ट्रक तात्या चालवायचे. ट्रकचं दुखणं त्यांच्या नावावर लिहिलं गेलं.

ट्रक १९५१ सालचा. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना घातला होता, तो १९५४ ला बंद झाला. तेव्हा मालाच्या राशी वाहणारे हे ट्रक आता उरलेत ते हौसेचे. लग्नाच्या वरातीला, शूटिंगला, जुन्या गाड्यांच्या रॅलीला भाड्याने जातात. ह्या मालकाचाही तोच धंदा.

तक्रार अशी की वर टॅपेट वाजतंय. तात्यांनी हे दिवाळीच्या आधी सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही. आवाज वाढला तेव्हा मालकाने एका गॅरेजला गाडी दाखवली. तिथल्या पोरांनी गेज बघितला, १४ पौंड. टाटा-लेलँडची सवय असलेल्या माणसाला १४ पौंड म्हणजे पंप मेला असंच वाटणार. त्यांनी ऑइल पंप बदलला. गेज १४ वरच राहिला, आवाजही तसाच. मग निकाल लागला: ड्रायव्हरने तेल न बघता गाडी पळवली. तात्यांचा दोन महिन्यांचा पगार अडकला आणि घरी बसायला सांगितलं.

तात्या मामाकडे आले. पगाराचं नंतर बोलले. आधी म्हणाले, "माझ्या हातनं इंजिन मेलं का, तेवढं बघून सांग."

मामाने मालकाला गाठलं. म्हणाला, मजुरी नको, फक्त बघू द्या. फुकट म्हटल्यावर मालक तयार झाला.

आता हे इंजिन समजून घ्या. सहा सिलिंडर, पेट्रोल, २१६ क्यूबिक इंच. १९३७ पासून १९५३ पर्यंत हे चाललं. ह्यात तेलाचा दाब मुळातच कमी. क्रँकच्या मेन बेरिंगला पंपाचं तेल मिळतं. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला चमच्यासारखा पत्रा असतो, तो चेंबरमधल्या पन्हळीतलं तेल उचलून घेतो. डोक्यावर १२ रॉकर, सहा-सहाचे दोन शाफ्ट, मधे जोड. त्या जोडापर्यंत एक बारीक नळी तेल आणते. जास्तीचं तेल दुसऱ्या नळीतून खाली पडतं. चालू गाडीला १४ पौंड म्हणजे ठीक. म्हणजे पंप बदलायचं कारणच नव्हतं.

मामा म्हणाला, "गेज कुठनं तेल घेतोय ते बघ. खालनं. वरचं त्याला कसं कळणार?"

गाडी गरम केली. गरम झाल्यावरही गेज पडला नाही. बेरिंग झिजली असती तर तेल पातळ होऊन दाब खाली आला असता. तो आला नाही, म्हणजे खालचं घर शाबूत.

मग टॅपेट कव्हर काढलं आणि इंजिन मंद चालू ठेवलं. मामाने मला उभं केलं. "आवाज ऐकू नको. रॉकर बघ, एकेक." गिरणीच्या खडखडाटात आमचे कान असेही गेलेले, आम्ही ओठ बघून बोलतो. बघायचं काम मला जमतं. चांगल्या इंजिनात प्रत्येक रॉकरच्या बुडातून तेल पाझरतं. कारंजं उडत नाही, नुसतं ओलं राहतं.

मामा आधीच सांगून ठेवत होता. एक शाफ्ट ओला आणि दुसरा कोरडा असेल तर नळी बरी आहे, तो शाफ्ट तुंबलाय. जोडाजवळचे रॉकर तेलात न्हालेले आणि टोकाचे कोरडे असतील तर बुश झिजलेत, तेल वाटेतच गळतंय. सगळेच कोरडे असतील तर दोष जोडाच्या अलीकडं, नळीत.

मी बाराही बघितले. बाराही कोरडे. जास्तीचं तेल टाकणारी नळीसुद्धा कोरडी.

गाडी बंद करून वर येणारी नळी सोडली आणि सेल्फ मारला. दोन थेंब आले. नळी उतरवून तार घातली तर चार बोटं आत जाऊन अडली. शाफ्ट काढले, त्याआधी भोकं कुठल्या बाजूला आहेत त्याची खडूने खूण केली. टोकाची बुचं काढली. आत काळी घाण, लाखेसारखी घट्ट. रॉकेलात रात्रभर भिजवली तेव्हा पापुद्रे सुटले, थरावर थर. शाफ्टची खालची बाजू रॉकरने खाल्लेली, नखाला पायरी लागत होती. एक्झॉस्टला १३ ते १५ थाऊ फट हवी, तिथं २० चा फिलर आरामात जात होता.

एवढे थर एका वरातीत बसत नाहीत. वर्षानुवर्षं वेळेवर तेल न बदलता, वरून भर घालत गेलं की बसतात. तेल बदलायचे पैसे ड्रायव्हरच्या खिशात नसतात.

मालक म्हणाला, फिल्टरमधून तांब्याची नळी बाहेरून वर द्या, झालं. असं करतात पुष्कळ. मामा नाही म्हणाला. वर ओलं होईल, घाण आत तशीच राहील. आणि १४ पौंडांतलं जास्त तेल वर ओढलं तर खालची बेरिंग उपाशी मरतील. मार्ग साफ करा, शाफ्ट आणि बुश नवे घाला, एवढंच खरं.

हे मी एका कवीमित्राला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "वरच्यांना तेल मिळेना? बरं झालं की. कविता लिही." मी नाही लिहिली. रॉकर डोक्यावर बसला म्हणून मालक होत नाही. तोही मिनिटाला शेकडो वेळा मान हलवणारा कामगारच आहे. इंजिन काढणाऱ्याला एक गोष्ट मात्र ठाऊक होती: भार क्रँक घेतो, म्हणून पहिलं तेल क्रँकला. माणसांच्या कुठल्या कारखान्यात ही वाटणी मी पाहिलेली नाही.

आमच्याकडं स्पिंडलला तेल कमी पडलं की धागा तुटतो. तुटलेला धागा साईडरच्या नावावर जातो. स्पिंडल उघडून कोणी बघत नाही, कार्ड बघतात. गेज बघून तात्यांना दोषी ठरवलं ते ह्याच डोक्याने. एक काटा बघायचा आणि जवळ जो माणूस उभा असेल त्याला धरायचं.

मामाने ते काळे पापुद्रे कॉटन वेस्टमध्ये बांधले आणि मालकाच्या टेबलावर सोडले. "हे किती वर्षांचं आहे ते तुम्हीच सांगा," म्हणाला. मालक काही बोलला नाही. आठवड्याने एका महिन्याचा पगार आला. कामावर परत ये, असा निरोप नाही आला.

तात्यांनी पैसे मोजून घेतले आणि एक पापुद्रा मागून घेतला. घरी फळीवर ठेवलाय. कुणी विचारलं की दाखवतात.

दुसऱ्या महिन्याचा पगार बाकी आहे. येत्या सुट्टीला आम्ही तिघं मागायला जाणार आहोत.