ढगाआडची कोजागरी

आश्विनातील पौर्णिमा वार पाहून येत नाही. २०२४ साली ती १६ ऑक्टोबरला, बुधवारी आली. दुसऱ्या दिवशी वाल्मीकी जयंतीनिमित्त कर्नाटकातील सरकारी कार्यालये बंद राहणार होती; परंतु खाजगी कचेऱ्या आणि कारखाने यांना त्या सुट्टीचे सोयरसुतक नव्हते. बंगळूरच्या यशवंतपूर भागात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने मात्र त्याच रात्री चार स्नेह्यांना जेवायला बोलावले होते.

यशवंतपूर ही कामकऱ्यांची वस्ती. रेल्वेचे मोठे जंक्शन येथे आहे, चंदनी साबणाचा जुना सरकारी कारखाना जवळच आहे आणि मेट्रोने थोडे पुढे गेले की पीण्याची औद्योगिक वसाहत लागते. बाजार समितीच्या आवारात महाराष्ट्रातून कांद्याचे ट्रक येतात. निफाडकडील ही गृहिणी याच आवारातील एका पेढीवर हिशेब लिहीत असे. गावाकडचा कांदा रोज दृष्टीस पडे, गावाकडची माणसे मात्र क्वचितच भेटत. तीन वर्षांत तिच्या घरी पाहुणे म्हणून कोणी आले नव्हते. थोरली लेक जूनमध्ये शिक्षणासाठी पुण्याला गेली, तेव्हापासून तर घर संध्याकाळी फारच शांत वाटू लागले होते.

गावी कोजागरी म्हणजे गच्ची, चटईभर माणसे आणि चुलीवर आटणारे दूध. लक्ष्मी मध्यरात्री ‘को जागर्ति’, म्हणजे ‘कोण जागे आहे’ असे विचारीत फिरते, अशी श्रद्धा आहे. सकाळी सातच्या पाळीला जाणाऱ्या माणसाला हा प्रश्न मध्यरात्री विचारणे थोडे अन्यायाचेच. म्हणून या घराने सोयीचा मार्ग काढला : साडेसातला जेवण, नऊला दूध आणि दहाच्या आत निरोप.

आदल्या दिवसापासूनच शहरात पाऊस लागून राहिला होता. बुधवारी शाळांना सुट्टी द्यावी लागली. चिन्नास्वामी मैदानावर भारत आणि न्यूझीलंड यांच्या कसोटीचा पहिला दिवस होता. तेथे एकही चेंडू टाकला गेला नाही. दुपारी पतीचा फोन आला. “चंद्र तर दिसणार नाहीच. लोकांना कशाला भिजायला लावायचे? रविवारी ठेवू.” तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “रविवारी जेवण होईल हो, कोजागरी नाही होणार.”

बेत तिने जाणून साधा ठेवला होता. नोकरी करणाऱ्या बाईने आठवड्याच्या मध्ये पंचपक्वान्ने करू नयेत. पाहुणे जेवतात आणि यजमानीण स्वयंपाकघरातच अडकून पडते. मसालेभाताचा मसाला रविवारीच भाजून कुटून ठेवला होता. तोंडली सकाळी चिरून झाली होती. टोमॅटोचे सार काय, अर्ध्या तासाचे काम. कोशिंबिरीची काकडी पतीने कोचून दिली. दूध मात्र घाईने होत नाही. अडीच लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचे, साय कडेला ओढून पुन्हा आत मिसळायची, तळ खरवडत राहायचे. केशर थोड्या कोमट दुधात आधी भिजवले, तरच त्याचा रंग नीट उतरतो. मग साखर, बदाम-पिस्त्यांची भरड, चारोळी, वेलदोडा आणि शेवटी जायफळ. जागरणाच्या रात्री झोप आणणारे जायफळ घालण्याची युक्ती ज्या कोणा पूर्वजाने काढली, त्यालाही बहुधा दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असावे.

सात वाजून गेले तरी दारावर थाप पडेना. पाऊस वाढला. भात झाकून ठेवला होता. ती दोनदा खिडकीशी जाऊन आली.

पहिल्या आल्या त्या वरच्या मजल्यावरच्या, धारवाडच्या अज्जी. दारातूनच त्यांनी “ऊट आयता?” असे विचारले आणि स्वतःच हसल्या, कारण जेवायला तर त्याच आल्या होत्या. कानडी मुलखात ‘जेवण झाले का?’ ही विचारपूस नमस्कारासारखी सहज केली जाते. पाठोपाठ पेढीवरची बंगाली मैत्रीण आणि तिचा नवरा, ओल्या छत्र्या आणि नारळाच्या लाडवांचा डबा घेऊन आले. त्यांच्याकडेही आज लक्ष्मीपूजा होती. उंबऱ्यापासून तांदळाच्या पिठाने देवीची पावले रेखून, पूजा आटोपूनच ते निघाले होते. शेवटी पीण्यात काम करणारा ओडिशाचा तरुण नखशिखांत भिजून आला. पतीने त्याला आपला कोरडा सदरा दिला. तो म्हणाला, “आमच्या कुमारपौर्णिमेला नवे कपडे घालतात. मला जुना का होईना, मिळाला.”

अज्जींनी शीगी हुण्णिमेची गोष्ट सांगितली. उत्तर कर्नाटकात याच पौर्णिमेला शेतकरी उभ्या पिकाची पूजा करतात आणि नैवेद्य शेतात शिंपडतात. कोणी हिंदीत बोले, कोणी कानडीत. अडले तेथे हातवारे होतेच. एकाच तिथीची इतकी नावे ऐकताना भाताची दुसरी वाढ कधी झाली, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. यजमानीणही सर्वांबरोबर खाली बसून जेवत होती.

महाराष्ट्रात अनेक घरी या रात्री ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात. तिने निरांजन लावून ठेवले होते. ओवाळायचे कोणाला, हे ठरले नव्हते. लेकीला फोन लावला, तर तो लागेना. निरांजनाकडे पाहत तिने त्या तरुणाला विचारले, “घरात थोरला कोण तुमच्या?”

“मीच,” तो म्हणाला. “आमच्याकडे थोरल्याला प्रथमाष्टमीला ओवाळतात. चार वर्षे झाली, त्या दिवशी घरी गेलो नाही.”

तिने पाट मांडला. त्याने ओले केस हाताने मागे सारले आणि उगाचच ताठ बसला. अज्जींनी कुंकवाची कोयरी पुढे केली. ओवाळून होईपर्यंत कोणीच बोलले नाही.

नऊ वाजता दूध गच्चीवर नेता आले नाही. जिन्याच्या दाराशी उभे राहून सर्वांनी आकाशाकडे पाहिले. पाऊस बारीक झाला होता. ढगांच्या मागे एका जागी किंचित उजेड होता, एवढेच. बंगाली मैत्रिणीने तिकडे बोट दाखवले आणि तेवढ्यावर दुधाचे पेले रिते झाले.

लेकीचा फोन दहाला आला. “आई, कोण कोण आलं होतं?” तिने विचारले. उत्तर बरेच लांबले. तोवर तो तरुण मेट्रोकडे निघाला होता. त्याच्या खोलीतील दोघे सोबती रात्रपाळीला होते, सकाळी सहाला परतणार होते. त्यांच्यासाठी घट्ट झाकणाच्या डब्यात दूध भरून दिले होते. जिना उतरताना त्याने तो डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.