निरगुडीचे फोक, फरशीची पट्टी

राणीसावरगावच्या शिवारात मी डालगी विणते ती निरगुडीची. ओढ्याकाठी ती आपोआप येते, गुरं तिला फारसं तोंड लावत नाहीत, आणि छाटली की बुडातून पुन्हा सरळ, बिनफांदीचे फोक फुटतात. मला हवे असतात ते हेच, करंगळीपेक्षा बारीक.

ओले फोक लगेच विणायला घेतले तर हात भराभर चालतो, पण वाळताना ते आकसतात आणि डालगं खिळखिळं होतं. म्हणून आधी सावलीत वाळवायचे, मग रात्रभर हौदात भिजवायचे. सकाळी एक फोक बोटाभोवती वळवून बघायचा. साल तडकली नाही, की बसायचं विणायला.

बुडातून निघणाऱ्या उभ्या काड्या विषम हव्यात. सम झाल्या तर दुसऱ्या फेऱ्यालाही आडवा फोक त्याच काड्यांच्या बाहेरून जातो आणि वीण पडतच नाही. शिकायला येणाऱ्या पोरींना मी सगळ्यात आधी ही एक जास्तीची काडी दाखवते.

आता ओढे रुंद झाले, काठची निरगुडी मशीनखाली गेली. बांधावर काड्या खोचल्यात, त्या धरतील. तोवर फोक पुरवून वापरायचे, म्हणून फरशीच्या खोक्यांना येते ती प्लास्टिकची पट्टी गोळा करते. ती कुजत नाही, पण तिला गाठ धरत नाही आणि ती फोकाबरोबर आकसतही नाही. म्हणून अंगाला फोकच. डालगं आधी मोडतं ते काठाला; तिथं पट्टी. टोक मागं वळवून तीन-चार वेढ्यांखालून ओवलं, की ओढ बसेल तसं ते आवळत जातं. देवीच्या परडीला मात्र मी पट्टी लावणार नाही. ती बुरुडाच्या हातची, बांबूचीच असावी.

डालग्याला पट्टी लावण्याला कुणी भेसळ म्हटलं की मला राग येतो. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या आदिवासी बायका गवताच्या टोपल्यांत लोकर, रंगीत धागे बिनदिक्कत घालतात. त्यांच्यातल्या ब्लॅकस्टोन गावच्या बायकांनी तर गवताची अख्खी टोयोटा गाडी घडवली आणि २००५ साली तिथला राष्ट्रीय आदिवासी कला पुरस्कार मिळवला. उत्तर किनाऱ्यावर समुद्रातून वाहून आलेली मासेमारीची जाळी उसवून विणणारेही आहेत. जे हाताशी आहे त्याचा स्वभाव ओळखायचा, हे काम त्यांनाही चुकलेलं नाही.

फरशीवाल्यांना माझं एक सांगणं आहे. खोकं उघडताना पट्टीचे तुकडे करू नका, सांध्याशी एकदाच कापा. काठाला सलग पट्टी लागते.